गोजिरा

मंडळी, दोन-अडीच महिने झाले, इथे काही लिहिलं नाही. नाशिकच्या वहिनींनी फोन करून "बरी आहेस ना गं?" असं विचारलं, तेव्हा कळलं की आपण लिहायचं थांबलो की लोकांना आपल्या तब्येतीची काळजी वाटू लागते. तब्येत उत्तम आहे. कारण निराळंच आहे आणि ते सांगायला जरा संकोच वाटतो. गेले दोन महिने मी राक्षसांचे सिनेमे बघतेय. रबरी राक्षसांचे. जपानी. :)

तर झालं असं. मे महिन्याच्या सुट्टीत नातू राहायला आला होता. वय वर्षं अकरा. एका दुपारी मी वामकुक्षी करत होते आणि बाहेरच्या खोलीतून त्याच्या हसण्याचा आवाज येऊ लागला. साधं हसणं नव्हे, पोट धरून लोळणं. बाहेर येऊन बघते तर टीव्हीवर एक धिप्पाड पाल दोन पायांवर पळत येतेय, मग शेपटीवर बसल्यासारखी होऊन दोन्ही पाय पुढे करून घसरगुंडीवरून यावं तशी लांबवर घसरत येतेय आणि समोरच्या झुरळासारख्या प्राण्याच्या छातीत लाथ घालतेय. त्या प्राण्याला मागून एका रंगीत यंत्रमानवानं धरून ठेवलेलं. लाथ बसली. आता संपलं असं मला वाटलं, तर पालीनं परत मागे जाऊन तेच पुन्हा केलं!

"काय रे हे?"

"आजी, हा गॉडझिला. पण जपानीत त्याचं खरं नाव गोजिरा."

आता मलाही हसू फुटलं. गोजिरा! साजिरा-गोजिरा मधला? तान्ह्या बाळाला म्हणतो तो? नातवाला ही गंमत समजावून सांगावी लागली, कारण त्याच्या मराठीत 'क्यूट' आहे, 'गोजिरा' नाही. (हा विषय निराळा. त्यावर मी या ब्लॉगवर पूर्वी पुरेसा त्रागा केलेला आहे.) जपानीत या नावाचा अर्थ अर्थातच वेगळा. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, या दोन शब्दांचा तो सांधा आहे.

त्या दुपारी पाहिलेला तो सिनेमा १९७३चा, 'गॉडझिला विरुद्ध मेगालॉन'. मालिकेतला तेरावा. माझी सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट तेराव्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात झाली की मला चैन पडत नाही. नातू गेल्यावर मी मुलाकडून टीव्हीचं तंत्र समजून घेतलं आणि पहिल्यापासून बघायला बसले.

आणि पहिला बघून मला रात्री झोप लागली नाही.

हा पहिला 'गोजिरा' ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानात लागला. तो समजायला त्याच वर्षीच्या १ मार्चपासून सुरुवात करावी लागते. त्या दिवशी अमेरिकेनं प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. शास्त्रज्ञांचा अंदाज पाच-सहा मेगाटनांचा होता, प्रत्यक्षात स्फोट झाला पंधरा मेगाटनांचा. म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. टूना मासे पकडणारी एक जपानी बोट, 'दाइगो फुकुर्यू मारू' (पाचवा भाग्यवान ड्रॅगन!), अमेरिकेनं जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. पहाटे पश्चिमेला उजेड दिसला. काही तासांनी आभाळातून पांढरी राख पडायला लागली. २३ खलाशी. त्यांनी ती हातांनी झाडली. दोन आठवड्यांनी बोट यायझू बंदराला लागली तेव्हा सगळे आजारी होते. बोटीचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेला. सिनेमा लागला तो त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत.

मासळीबाजारात हाहाकार झाला. जपानी माणसाच्या ताटातला मासाच विषारी ठरला. टोकियोच्या सुगिनामी भागात गृहिणींनी पुढाकार घेऊन अणुचाचण्यांविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षापर्यंत त्या सह्यांचा आकडा देशभरात तीन कोटींच्या वर गेला. आपल्याकडेही पंडित नेहरूंनी त्याच २ एप्रिलला लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला होता. हे मला माहीत होतं, अलिप्ततावादाच्या धड्याच्या वेळी मी ते वर्गात सांगतही असे. पण नेहरूंच्या त्या भाषणाच्या मागे एक मासेमारीची बोट होती, हे मी कधी सांगितल्याचं आठवत नाही.

सिनेमाची सुरुवातच एका बोटीनं होते. खलाशी डेकवर निवांत बसलेत, कुणी वाजवतंय, आणि समुद्रात लख्ख उजेड होतो. जपानी प्रेक्षकाला पुढचं काही समजावून सांगायची गरजच नव्हती. पुढे तो प्राणी टोकियोत शिरतो आणि शहर पेटतं. एक बाई लहान मुलांना कवटाळून भिंतीशी बसलीय आणि त्यांना सांगतेय की आता थोड्या वेळात आपण बाबांकडे जाणार. बाबा अर्थात हयात नाहीत. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात एका लहान मुलीपुढे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरतात आणि ते कडकड वाजू लागतं. डॉक्टर नुसती मान हलवतो. मंडळी, टोकियोवर ९-१० मार्च १९४५च्या रात्री बॉम्बवर्षाव झाला होता. एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं गेली होती. सिनेमा बघायला आलेल्यांपैकी किती जणांनी ती रात्र स्वतः पाहिली असेल, तेही फक्त नऊ वर्षांपूर्वी! दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैन्यात होते. युद्धानंतर चीनमधून परत येताना त्यांनी हिरोशिमाचे अवशेष पाहिले होते.

प्रलयानंतरच्या जगाचे सिनेमे पुष्कळ निघतात. बहुतेक देशांना तो प्रलय कल्पनेनं रचावा लागतो. जपानला आठवावा लागला, एवढंच म्हणते.

आता माझी कबुली. मी चौतीस-पस्तीस वर्षं हिरोशिमा शिकवलं. कसं शिकवलं? ६ ऑगस्ट, ९ ऑगस्ट, शहरांची नावं, जपानची शरणागती. पाठ्यपुस्तकात चार-पाच ओळी असत आणि परीक्षेला रिकाम्या जागा भरा. 'जपानमधील ____ व ____ या शहरांवर अणुबॉम्ब टाकण्यात आले.' दोन जागा, एक गुण. स्पेलिंगसारखंच नागासाकीचं शुद्धलेखन तपासून अर्धा गुण कापल्याचंही मला आठवतं. त्या रात्री झोप न लागण्याचं कारण सिनेमा थोडा आणि हे जास्त.

असो. पहिल्यानंतर मी पुढचे भाग बघत गेले आणि इतिहासाच्या शिक्षकाला राग यावा असं एकेक होत गेलं. १९५५मध्ये दुसरा भाग आला, घाईघाईनं. १९६२मध्ये गोजिरा रंगीत झाला आणि अमेरिकेच्या किंगकाँगशी कुस्ती खेळला. त्याला एक कोटीहून जास्त प्रेक्षक आले, मालिकेतल्या कुठल्याही सिनेमाहून जास्त. झालं! धंद्याला गणित कळलं. १९६४ साली तीन तोंडांचा गिदोरा आला आणि आमचे गोजिराराव पृथ्वीच्या बाजूनं लढायला लागले. १९६५मध्ये ते परग्रहावर जाऊन विजयाच्या आनंदात उड्या मारत नाचले. १९६७मध्ये त्यांना मूल झालं. ते मूल धुराची वर्तुळं सोडतं आणि बापानं शेपटीवर पाय दिला की मगच त्याच्या तोंडातून खरा जाळ निघतो. म्हणजे ज्यानं टोकियो जाळलं त्याच्यावर आता मुलाचा अभ्यास घ्यायची वेळ आली!

हे असं का झालं, हे शोधताना मात्र मला मजा वाटू लागली, कारण उत्तर पैशात आहे. १९५८ साली जपानात वर्षाला ११२ कोटींहून अधिक सिनेमाची तिकिटं विकली जात. १९७० साली हा आकडा २५ कोटींच्या आसपास आला. घरोघरी टीव्ही आला. गंमत म्हणजे टीव्हीवर राक्षस नेऊन बसवणारा माणूसही गोजिराच्याच घरचा. एइजी त्सुबुराया, ज्यांनी पहिल्या सिनेमाच्या साऱ्या करामती केल्या, त्यांच्याच कंपनीनं १९६६मध्ये 'अल्ट्रामॅन' काढला. दर आठवड्याला एक नवा राक्षस, तोही घरबसल्या फुकट. मग थेटरात तिकीट काढून कोण जाणार? मुलं जाणार, तीही सुट्टीत. १९६९च्या डिसेंबरपासून तोहो कंपनीनं शाळांच्या सुट्ट्यांमध्ये मुलांसाठी 'चॅम्पियन महोत्सव' सुरू केला. एक राक्षसाचा सिनेमा, बरोबर कार्टून वगैरे. जुने गोजिरापटही कापून, आखूड करून त्यात खपवले. मूल तिकिटाला मोठ्या माणसाएवढे पैसे देत नाही, तेव्हा सिनेमाही स्वस्तात व्हायला हवा.

स्वस्त म्हणजे कसा, ते समजायला आधी महाग कसा ते बघा. गोजिराची उंची ५० मीटर ठरवली होती आणि शहराचं मॉडेल एकास पंचवीस या प्रमाणात केलं. ५० भागिले २५, बरोबर २ मीटर. म्हणजे सूट घातलेला माणूस. (गणिताच्या बाईंना हे उदाहरण आयतं मिळालं असतं.) पण माणूस माणसासारखाच भराभर हलतो, डोंगरासारखा नाही. म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा कितीतरी वेगानं चालवायचा आणि पडद्यावर नेहमीच्या वेगानं दाखवायचा. मग हालचाल संथ, जड दिसते, कोसळणारी भिंत खरोखरच्या वजनाची वाटते. कॅमेरा वेगानं चालवायचा तर उजेड फार लागतो, उजेड म्हणजे दिव्यांची उष्णता, आणि त्या उष्णतेत रबराच्या जाड सूटमध्ये एक माणूस. हारुओ नाकाजिमा त्यांचं नाव. चाल कशी असावी हे ठरवण्यासाठी ते प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसले होते. १९५४ ते १९७२, बारा सिनेमांत गोजिरा म्हणजे नाकाजिमाच. सूट काढल्यावर आतून घाम ओतून टाकावा लागे.

आता स्वस्ताई. शहराचं मॉडेल महाग, मग राक्षसांची मारामारी बेटावर न्यायची. १९६६ आणि १९६७, दोन्ही सिनेमे दक्षिणेकडच्या बेटांवर घडतात. बेटावर इमारती नसतात हो! पुढे तेही परवडेना, तेव्हा उघड्या माळावर. आणि तेही परवडेना, तेव्हा जुन्याच सिनेमांतले तुकडे नव्यात जोडायचे. १९७२चा 'गॉडझिला विरुद्ध गायगन' बघा. मारामारी रात्री चाललीय, मध्येच लख्ख दिवस होतो, परत रात्र. सूट चार वर्षांचा जुना, भांडताना त्याचे तुकडे गळून पडताना दिसतात. नभातून आलेले शत्रू म्हणजे चक्क झुरळं. आणि गोजिरा त्याच्या मित्राशी बोलतो ते आवाजात नाही, चित्रकथेत असतात तसे फुगे त्याच्या तोंडाजवळ येतात! नातू आणि मी ते दृश्य चार वेळा मागे नेऊन पाहिलं.

नाकाजिमांचा हा शेवटचा. धंदा आटला तशी कंपनीनं कंत्राटी नट कमी केले आणि गोजिराला कंपनीच्याच बोलिंग अ‍ॅलीत कामाला लावलं. हे वाचून मला गिरण्या बंद पडल्यावर सोसायट्यांच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसलेले आमच्या भागातले जॉबर आठवले.

मेगालॉन तर तीन आठवड्यांत उरकलेला. त्यातला तो रंगीत यंत्रमानव मुळात मुलांच्या स्पर्धेत आलेल्या एका चित्रावरून बनवलेला. तिकिटं दहा लाखांच्याही खाली आली. हा सिनेमा पुढे अमेरिकेत टीव्हीवर लागला, तिथे हास्यास्पद सिनेमांचा कळस म्हणून तो गाजला आणि आज माझ्या नातवापर्यंत पोचला, तोही हसण्यासाठीच. पण मी त्याची सुरुवात नीट पाहिली. जमिनीखालचे लोक वरच्यांवर का चवताळून उठतात? वरच्यांनी केलेल्या भूमिगत अणुस्फोटांनी त्यांचं राज्य हादरतं म्हणून. म्हणजे एकोणीस वर्षांनी, सगळ्यात फाटक्या, सगळ्यात पोरकट सिनेमातही तो स्फोट आहेच. हसता हसता कुणाच्या लक्षात येत नाही, इतकंच.

मध्ये एकच अपवाद सांगते. १९७१चा हेदोरा. हा चिखलाचा राक्षस, कारखान्यांच्या सांडपाण्यातून आणि धुरातून वाढणारा. योक्काइचीचा दमा, मिनामाताचा पारा, हे सगळं त्या काळी जपानात जळत्या चर्चेत होतं. सिनेमा लागला त्याच जुलै महिन्यात जपान सरकारनं पर्यावरण खातं सुरू केलं. दिग्दर्शक योशिमित्सु बान्नो नवखे, पैसा जेमतेम, दिवस मोजके. यात गोजिरा तोंडानं जाळ सोडत मागच्या मागे उडतो, अगदी दिवाळीतल्या बाणासारखा! निर्माते तानाका तेव्हा रुग्णालयात होते. बरे होऊन त्यांनी सिनेमा पाहिला आणि बान्नोंच्या हाती परत गोजिरा दिला नाही. मला मात्र हा फार आवडला. गिरणगावात राहिलेल्या माणसाला आकाशातून पडणारी काजळी समजावून सांगावी लागत नाही. सकाळी वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी करडं व्हायचं.

पहिला पाहून झोप उडाली होती, तरी पुढच्या या फाटक्या सिनेमांची गोडी का लागावी? मी यावर बराच विचार केला. माझं माहेर सिंधुदुर्गातलं. लहानपणी दशावतारात संकासुर यायचा. काळ्या कपड्यांतला, लाल जीभ लोंबणारा. वेद चोरणारा राक्षस तो, विष्णूच्या हातून मरायचाच. पण मरायच्या आधी तो मालवणीत असल्या काही गमती करायचा की पोरं त्याच्यासाठीच जागी राहायची. आतला माणूस कोण हे आम्हाला पक्कं माहीत असायचं. सकाळी तोच आमच्या आगरात नारळ पाडायला यायचा. तरी रात्री तो अंगावर धावून आला की आम्ही किंचाळून आईच्या पदरामागे. माहीत असूनही घाबरणं आणि घाबरूनही हसणं, हे एकाच वेळी व्हायचं. हल्लीचे संगणकावरचे राक्षस नातू मला दाखवतो. कौशल्य थोर आहे, पण त्यात आत कुणी नसतं. गोजिराच्या मानेतलं भोक दिसतं ना, जिथून नाकाजिमा बाहेर बघायचे, ते दिसल्यावर मला उगाच बरं वाटतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येते.

१९६९च्या डिसेंबरात त्या पहिल्या महोत्सवासाठी एक सिनेमा काढला होता, तासाभराहून थोडा मोठा. पाश्चात्त्य समीक्षक त्याला मालिकेतला सगळ्यात टाकाऊ म्हणतात. अर्ध्या मारामाऱ्या जुन्या सिनेमांतून उचललेल्या. दिग्दर्शन मात्र इशिरो होंडांचंच. यात गोजिरा खराखुरा नाहीच. कारखान्यांच्या, धुराच्या एका वस्तीत इचिरो नावाचा मुलगा राहतो. वडील रेल्वेत, आईही कामाला. शाळेतून येऊन स्वतःच कुलूप उघडून तो एकटा बसतो. जपानीत अशा मुलांना त्या काळी 'किल्लीवाली मुलं' म्हणत. वाटेत दांडगी पोरं त्याला छळतात. मग तो डोळे मिटून राक्षसांच्या बेटावर जातो. तिथे गोजिराचा मुलगा त्याचा मित्र. त्यालाही एक दांडगा राक्षस छळतो आणि त्या राक्षसाचं नाव तेच, जे इचिरोला छळणाऱ्या पोराचं. एवढीच गोष्ट. शेजारी एक खेळणी बनवणारा गृहस्थ आहे, तो इचिरोचं सगळं ऐकून घेतो. हसत नाही, रागवत नाही.

मी मध्येच टीव्ही बंद केला.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. गिरणगावातली शाळा. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी संपलाच नाही असं म्हणावं लागेल. ही गोष्ट त्यानंतर चार-पाच वर्षांची. याचे वडील गावी निघून गेले होते. आई सकाळपासून चार घरची कामं करायची. मुलाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात खोलीची किल्ली. त्या सुमारास दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागत असे, तुमच्यापैकी जी मंडळी आता पंचेचाळीस-पन्नाशीत आहेत त्यांना नक्की आठवेल. मनगटातल्या घड्याळात बोलून रोबोटला बोलावणारा मुलगा आणि दर भागात एक रबरी राक्षस. तोही जपानी, गोजिराचाच दूरचा भाऊबंद. या मुलाच्या घरी टीव्ही नव्हता, चाळीत कुणाच्या तरी दारात उभं राहून बघत असणार.

इतिहासाच्या वहीत मागच्या पानांवर त्यानं राक्षस काढले होते. एकदोन नव्हे, पानंच्या पानं. वह्या तपासताना सापडले. एका चित्रात एक राक्षस गिरणीच्या चिमणीवर पाय देऊन उभा होता, चिमणी मधोमध मोडलेली, आणि खाली काड्यापेटीएवढा एक मुलगा मनगट तोंडाजवळ धरून काहीतरी सांगत होता. राक्षसाला की रोबोटला, ते कळत नव्हतं, रोबोट चित्रात नव्हताच. मी ती पानं सगळ्या वर्गासमोर फाडली. "इतिहासाची वही आहे ही, भुताटकीची नाही," असं काहीसं म्हणाले. वर्ग हसला. तो काही बोलला नाही. खाली वाकून त्यानं तुकडे गोळा केले, कचरा होऊ नये म्हणून, आणि नेऊन टोपलीत टाकले. शहाणा मुलगा होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. वडिलांकडे गावी गेला, असं मुलं म्हणाली. अशी कितीतरी मुलं त्या वर्षांत गेली, प्रत्येकाचं नाव हजेरीपटावर लाल शाईनं खोडायचं एवढंच आमचं काम. चित्र फाडल्यामुळे तो गेला नाही, हे मला कळतं. तरी त्या वहीत, माझ्याच विषयाच्या वहीत, त्या वर्षीचा इतिहास त्यानं काढला होता आणि मला तो ओळखता आला नाही, हेही कळतं. पुढच्या पानांवर मी फळ्यावरून उतरवून दिलेलं काहीतरी होतं. काय ते मला आज अजिबात आठवत नाही. चिमणी मात्र आठवते.

(तो मुलगा हे वाचण्याची शक्यता शून्य आहे, तरी नाव लिहीत नाही.)

इचिरोचा सिनेमा मी दुसऱ्या दिवशी पूर्ण केला. शेवटी तो चोरांनाही चकवतो आणि दांडग्या पोरांनाही. वडीलधाऱ्या नजरेनं बघितलं तर शेवट काही फार सुसंस्कृत नाही, तो एका रंगाऱ्याची खोड काढून पळतो! पण आईवडील त्या दिवशीही उशिराच येणार असतात. ते सिनेमानं बदललेलं नाही.

२०२३मध्ये जपान्यांनी 'गॉडझिला मायनस वन' काढला, पुन्हा युद्धानंतरच्या बेचिराख टोकियोतला. त्याला पुढच्या वर्षी दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळालं, तेही हॉलिवूडच्या मानानं किरकोळ खर्चात. तो मी मुलाबरोबर बसून पाहिला. फार चांगला आहे, जरूर बघा. त्यात शेपटीवरून घसरणं वगैरे काही नाही.

गणपतीत नातू परत येतोय. काल फोनवर त्याला म्हटलं, या वेळी आपण पहिला बघू, १९५४चा, काळा-पांढरा.

"त्यात पण तो तशी लाथ मारतो?"

"नाही रे. त्यात तो भीती घालतो."

तिकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "आजी, मग असं करू. पहिला बघू, पण झोपायच्या आधी मेगालॉन लावू."

चालेल म्हटलं.